फौजी पोराकडे बाटली मागू नका
(स्नेहमेळाव्यातील भाषण. वक्ते : निवृत्त सुभेदार, दहावी १९८४ ची तुकडी)



संयोजकांनी मला फौजेतले अनुभव सांगायला सांगितले आहे. सेवेतली काही वर्षे मी रंगरूटांचा उस्ताद होतो. त्या कामातला एक विषय आपल्या गावाशी थेट जोडलेला आहे, तेवढाच बोलतो.

प्रशिक्षण चालू असताना रंगरूटाला दारूची मनाई असते. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल-कॉलपर्यंत दिवस बांधलेला असतो. धोका असतो तो नंतर. कसम परेड झाल्यावरची पहिली सुट्टी, हातात आलेला पहिला पगार आणि नव्या युनिटमधले पहिले काही महिने. घर दूर, मन एकटे आणि ‘घेत नाही तो कसला फौजी’ म्हणणारा कुणीतरी शेजारी असतोच.

मुलांनो, हिशेब साधा आहे. ३० मिली कडक दारूत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते आणि तेवढे जिरवायला यकृताला साधारण एक तास लागतो. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे सहा तास. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा जवान पहाटे साडेचारला पीटीला उभा राहतो, तेव्हा दारू त्याच्या रक्तात असते. थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा यांनी ती लवकर उतरत नाही. दारूने शरीरातले पाणी कमी होते. अशा अंगाने उन्हात पाठीवर वजन घेऊन धावणे जिवावर बेतू शकते. थंडीत रम ऊब देते हाही भ्रमच. कातडी तेवढी गरम वाटते, आतली उष्णता मात्र बाहेर जाते.

कायदाही माहीत असू द्या. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४८ प्रमाणे नशेत सापडणे हा गुन्हा आहे, मग जवान ड्युटीवर असो वा नसो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. अग्निवीर साडेसतरा ते एकवीस या वयात भरती होतो, म्हणजे चार वर्षांच्या सेवेत बहुतेक पोरे पंचविशीच्या आतच असतात. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम केले जाते. एका रात्रीची लाल शाईची नोंद तिथे आडवी येऊ शकते.

नुसत्या धाकाने हे थांबत नाही. धाक दाखवला की पोरगा लपून पितो. आम्हाला उपयोग झाला तो बडी जोडीचा. दोघांनी एकमेकांची झोप, जेवण, घरचा फोन यांवर लक्ष ठेवायचे. रविवारी रिकामा वेळ उरू नये म्हणून कबड्डी, व्हॉलीबॉल. आणि उस्तादाने स्वतः शुद्धीत राहायचे. रंगरूट त्याच्या भाषणापेक्षा त्याची चाल जास्त पाहतो. एखादा पोरगा गप्प झाला, वारंवार उशिरा उठू लागला, तर शिक्षेआधी त्याला बसवून विचारायचे, ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ अर्ध्या वेळा उत्तर घरातच सापडते : बापाचे कर्ज, बहिणीचे लग्न, मोडलेली सोयरीक.

आता आपल्या हातातले काम. पोरगा सुट्टीवर आला की आपण एसटी स्टँडवरच विचारतो, ‘कॅन्टीनची आणलीस का?’ ज्याने कधी तोंडाला लावली नाही, त्यालाही मित्रांसाठी बाटली मिळवावी लागते आणि मग सोबत बसावे लागते. पहिला घोट पुष्कळदा फौज पाजत नाही, गाव पाजते.

म्हणून या मेळाव्याकडे माझे एकच मागणे आहे. भरती झालेल्या मुलाला निरोप द्या तो शाळेच्या पटांगणात, गुरुजनांच्या हातून नारळ देऊन. सुट्टीवर आला की त्याला धावपट्टीवर बोलवा, लहान पोरांना पळवायला सांगा. आणि त्याच्याकडे बाटली मागू नका. त्याने ‘नाही’ म्हटले, तर सगळ्यांत आधी त्याच्या बाजूने आपण उभे राहू.

जय हिंद!