मधली फळी मोकळी ठेवा
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



कपाटाची दारं घरच्या शेडमध्ये बाईला जमतात का, असं तुमच्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं होतं. जमतात. केरळात कोट्टयमजवळ एट्टुमानूरला अर्चना विमेन्स सेंटर आहे, तिथं बायकांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवलं गेलं. मग आपल्या संभाजीनगरात का नाही? शिलाई मशीनवर बाही बसवणाऱ्या बाईला मापाचं भ्यावं असं काही नाही.

आज एकाच दाराचं सांगते. चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये उठावाची फळी. जुन्या वाड्यांना असली दारं बघितली असतील. ही पद्धत नुसती शोभेची नाही बरं का. लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. आपल्याकडं वैशाखात हवा कोरडी ठणठणीत, अन् श्रावणात तेच दार चौकटीत अडकतं. सलग फळीचं दार म्हणून वाकतं, तडकतं. चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसवली की ती आतल्या आत हलते, दाराचं माप बदलत नाही.

आता माप लिहून घ्या. दार 24 इंच उंच, 16 इंच रुंद. पट्टी अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड. पट्टीच्या आतल्या कडेला मधोमध खाच: दोन सूत रुंद, तीन सूत खोल. आठ सुतांचा इंच, हे विसरू नका. उभ्या पट्ट्या दोन, 24 इंचाच्या. आडव्या दोन, 16 मधून दोन पट्ट्यांचे पाच गेले, राहिले 11. दोन्ही टोकांना खाचेत शिरायला तीन-तीन सूत वाढवा, म्हणजे 11 इंच 6 सूत.

फळी रुंदीला साडेअकरा इंच कापा. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सूत फुगायला जागा राहते. उंचीला 19 इंच 5 सूत पुरे. फळीच्या कडेपासून दीड-दोन इंच आत रेघ मारा आणि तिथपासून रंध्यानं उतार काढत कड दोन सुतांपेक्षा जराशी पातळ करा. आधी आडव्या रेषांच्या, म्हणजे वरच्या-खालच्या कडा तासा, मग उभ्या. आडवं तासताना कोपऱ्याची चिपळी उडतेच. नंतर उभी कड तासली की ती निघून जाते.

फळीला पॉलिश जोडणीच्या आधीच करा, कडांसकट. नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसली की कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसते आणि गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवतं. फेव्हिकॉल फक्त चार कोपऱ्यांना. खाचेत थेंबही नको, चिकटलेली फळी हमखास फाटते. शिकंजा आवळला की कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा, मग दुसरीकडून धरा. दोन्ही आकडे सारखे आले तरच दार काटकोनात.

राऊटर मशीनवर हाच उतार पटकन निघतो, खरं आहे. पण त्याचं पातं मोठं, तीन इंचांच्या पुढं जातं. ते हातातल्या मशीनला लावायचंच नाही. मशीन टेबलाखाली पक्कं बसवलेलं हवं, वेग सगळ्यात कमी, आणि एका दमात सगळं न काढता चार-पाच वेळा थोडं थोडं. पदर खोचून भागत नाही. ड्रेस घाला, ओढणी नको, बांगड्या काढून ठेवा, केस बांधा. हातमोजेसुद्धा नकोत, पातं ते ओढून घेतं. तोंडाला मास्क मात्र पाहिजे. सासूबाई म्हणतील रिकामे हात बरे दिसत नाहीत. दोन तासांचा प्रश्न आहे, बोटं जन्माची आहेत.

हिशेब. या एका दाराला वाया जाणारं धरून साधारण पाव घनफूट लाकूड लागतं. वखारीतल्या भावाचा चौथा हिस्सा मांडा, त्यात बिजागरी, पॉलिश, वीज, आणि तुमची मजुरी. घरचीच तर आहे म्हणून मजुरी सोडणाऱ्या बायांचा मला राग येतो. कारखान्यातल्या एमडीएफच्या दाराशी भावात लागू नका, तिथं आपण हरतो. सागवानाचं दार, जुन्या दारांची दुरुस्ती, तिथं आपलं काम.

मशीनसाठी गटाचं कर्ज एवढ्यात काढू नका. पहिली पाच-सहा दारं करवत, रंधा, पटाशीवर होऊ द्या. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, तिच्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. पण घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, आणि तो स्वतः हे काम करणारा असावा लागतो. तेव्हा नवऱ्याच्या नावावर आधीच दुसऱ्या कामासाठी अर्ज गेलाय का, हे घरी विचारून घ्या, आणि नोंदणी चालू आहे का ते सीएससी केंद्रावर.