मृतांच्या देशातील एक करार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा नव्या कामगार संहिता असे काहीतरी उत्तर येईल अशी त्यांची समजूत असावी. ती रास्तच होती. तीस वर्षे त्याच विषयांवर आम्ही घसा कोरडा करीत आलो आहोत. पण आज आम्ही बोलणार आहोत एका कादंबरीवर. तीही कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या, इंग्रजीतल्या, आणि जिचा गाभा मेलेल्या माणसांच्या देशात आहे अशा कादंबरीवर. हे ऐकून चालकांपैकी एकाने "प्रकृती बरी आहे ना?" असे काळजीने विचारले. प्रकृती उत्तम आहे. विषयही आमच्या धंद्याबाहेरचा नाही, हे आपल्याला पुढे दिसेल.

पुस्तकाचे नाव 'द अँबर स्पायग्लास', लेखक फिलिप पुलमन. तीन भागांच्या मालेतला हा शेवटचा भाग. पहिला १९९५ साली निघाला, दुसरा १९९७ साली आणि हा २००० साली. इंग्लंडात व्हिटब्रेड नावाचे मोठे पारितोषिक होते. २००१ सालचे सर्वोत्कृष्ट पुस्तक म्हणून ते ह्याला मिळाले, आणि मुलांच्या पुस्तकाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुलमन पूर्वी ऑक्सफर्डला शाळामास्तर होते. वर्गात ते होमरच्या कथा तोंडी सांगत. हे कळल्यावर आमचा आदर वाढला. तोंडाने सांगून पाहिलेली गोष्ट कागदावर वेगळीच उतरते. गेटसभेत बोलणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. आमचे इंग्रजी कारखाने कायदा आणि शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून शिकलेले. पुतणीने हे जाडजूड पुस्तक हाती दिले आणि ते वाचायला आम्हांला २०१९ चा सबंध पावसाळा लागला.

ह्या कथेत अद्भुत आहे तसे भौतिकशास्त्रही आहे. एक विदुषी विश्वातल्या अदृश्य द्रव्याचा शोध घेते आहे. एकाला एक लागून अनेक जगे आहेत. विल नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाजवळ एक सुरी आहे; तिच्या टोकाने हवेत चीर पाडली की दुसऱ्या जगात उघडणारी खिडकी तयार होते. ही सुरी आपण ध्यानात ठेवावी. नायिकेचे नाव लायरा. तीही त्याच वयाची, बिनआईबापाची म्हणून वाढलेली, आणि थापा मारण्यात पटाईत. थापांवरच ती प्रत्येक संकटातून निभावलेली आहे. तिच्या हातून नकळत एक भयंकर गोष्ट घडते. रॉजर नावाच्या आपल्या सवंगड्याला ती वाचवायला म्हणून घेऊन जाते, आणि त्याच प्रवासात तो तिच्या बापाच्या प्रयोगात बळी जातो. तेव्हा त्याची क्षमा मागायला ती विलला बरोबर घेऊन जिवंतपणी मृतांच्या देशात उतरते.

यमाच्या दारी गेलेले मूल आपल्याला नवे नाही. नचिकेता तीन रात्री उपाशी बसला आणि मेल्यावर काय होते ते त्याने यमालाच विचारले. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर नरकाच्या वाटेवर आपल्या माणसांचे आवाज ऐकतो. ते म्हणतात, तू थांब, तुझ्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने आमचा दाह शमतो. आणि तो थांबतो. लायराभोवतीही मृतांची अशीच गर्दी होते, जिवंत रक्ताच्या उबेसाठी. पण ती युधिष्ठिरासारखी थांबत नाही आणि नचिकेत्यासारखी प्रश्नही विचारीत नाही. ती काय करते, ते पाहण्यासारखे आहे.

आधी तिला एक तळे ओलांडावे लागते. लायराच्या जगात माणसाचा जीव अंगाबाहेर असतो, प्राण्याच्या रूपाने. लहानपणी तो रूपे बदलतो आणि मोठेपणी एकाच रूपात स्थिरावतो. नावाडी म्हणतो, होडीत तो प्राणी चालणार नाही. लायरा आपल्या जिवाला काठावर टाकून पलीकडे जाते, आणि तो तिच्याकडे पाहत काठावर राहतो. हे वाचताना आम्हांला शूलपाणीची झाडी आठवली. नर्मदेच्या परिक्रमावासीयांकडून आपण ऐकलेच असेल, की पूर्वी त्या झाडीत भिल्ल 'मामा' सर्वस्व लुटून घेत, आणि अंगावरच्या लंगोटीनिशी बाहेर पडण्यालाच परिक्रमा म्हणत. तो शूलपाणेश्वर ज्या गावच्या शिवारात होता त्या गावाकडे आम्ही थोड्या वेळाने येणारच आहोत.

पलीकडच्या तीरावर पहारा आहे तो हार्पींचा. ग्रीक पुराणातल्या ह्या पक्षिणी. अंग गिधाडाचे, तोंड बाईचे. प्रत्येक मृताच्या आयुष्यातले ओंगळ तेवढे उकरून काढून त्याला ऐकवीत बसणे हे त्यांचे काम. लायरा सवयीप्रमाणे त्यांना एक थाप ऐकवते: आपण राजघराण्यातल्या, आपल्याला अमुक वारसा आहे, वगैरे. त्यांची पुढारीण झडप घालते आणि ओरडते. इंग्रजीत 'लायरा' आणि 'खोटारडी' ह्यांचा उच्चार जवळजवळ एकच आहे. त्यामुळे ती पोरीला तिच्याच नावाने हाका मारते आहे की खोटे उघड करते आहे, हे कळेनासे होते. सबंध दरी त्या एका शब्दाने दणाणते.

पुढे मृतांची मुले लायराला विनवतात, जगात काय असते ते सांग. आता ती थाप मारीत नाही. वीटभट्टीवाल्यांच्या पोरांशी आपण चिखलात कशी लढाई केली, चिकणमातीचे गोळे कसे फेकले, भट्टीला वास कसला येत होता, एवढेच ती सांगते. मृतांचे डोळे भरून येतात. आणि मागे पाहावे तो हार्पी फांद्यांवर निमूट बसून ऐकताहेत. त्यांना विचारतात, आता का नाही झडप घातलीत? कारण साधेच असते: ते खरे होते, आणि खऱ्याने त्यांचे पोट भरले. हजारो वर्षे ओंगळ खात आल्या, दुसरेही काही खायला असते हे त्यांना कोणी कळूच दिले नव्हते.

इथून पुढची पाने आम्ही खुर्चीतून उठून, उभ्याने वाचली. विल मृतांना बाहेर काढण्यासाठी खिडकी पाडणार असतो. हार्पी आडव्या येतात. त्यांचे म्हणणे अगदी कामगाराचे आहे: हे सगळे निघून गेले तर आमचे काय? इतकी वर्षे हे काम आमच्याकडून करून घेतलेत, आता त्याचीही गरज उरणार नाही. मग आम्ही ह्या जागेचा पुरता नरक करून सोडू. अशा वेळी आमच्यातला एखादा उतावळा पुढारी त्यांना चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण लायराबरोबर टायालिस नावाचा वीतभर उंचीचा एक हेर आहे, चतुराच्या पाठीवर बसून फिरणारा. तो वाटाघाटीला बसतो. ठरते ते असे: येणाऱ्या प्रत्येक मृताने आपण काय पाहिले, ऐकले, प्रेम कशावर केले, शिकलो काय, ते खरे सांगावे, ऐकण्याचा हक्क हार्पींचा, आणि ऐकल्यावर त्याला खिडकीपर्यंत सुखरूप नेण्याची जबाबदारीही त्यांचीच. जो खोटे बोलेल, किंवा ज्याच्याजवळ सांगायला काही नसेल, त्याला नाकारण्याची मुभा. ह्यावर त्याची सोबतीण लगेच एक अपवाद घालून घेते, की तान्ह्या बाळांना हा नियम नाही. त्यांना शिकायला वेळच मिळालेला नसतो.

तीस वर्षांत आम्ही पुष्कळ करार पाहिले, काहींवर सह्याही केल्या. जुने काम गेलेल्यांना नुसती भरपाई न देता मानाचे काम देणारा, आणि सर्वांत दुबळ्याची सोय शेवटच्या ओळीत का होईना पण करणारा असा करार आमच्या वाट्याला आला नाही. आणि फितूर कुठे नसतो? तिथेही एक धर्मनिष्ठ संन्यासी उठून सांगतो, की हाच खरा स्वर्ग आहे, ही पोरगी आपल्याला फसवते आहे. प्रत्येक संपात असा एक गृहस्थ असतोच.

आता मणिबेलीकडे वळतो. अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या दक्षिण तीरावर, सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राचे जे पहिले गाव लागते ते हे. महाराष्ट्रातली ३३ गावे ह्या बुडितात आली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात जमिनीला जमीन, कुटुंबाला किमान २ हेक्टर, आणि पाणी येण्याच्या आधी पुनर्वसन, असे लिहिलेले होते. १९९१ च्या पावसाळ्यात मणिबेलीला सत्याग्रह सुरू झाला. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग सोडून दिला, पण बांधकाम चालूच राहिले. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी त्या बँकेला उद्देशून एक जाहीरनामा काढला. त्याचे नाव 'मणिबेली जाहीरनामा'. त्याच वर्षी शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. नवे देऊळ गुजरातेत गोरा येथे बांधलेले आहे. २०१९ च्या सप्टेंबरात, म्हणजे आम्ही ते पुस्तक वाचीत होतो तेव्हाच, जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरला.

श्रोतेहो, आता सांगतो ते सांगायला आम्हांला जड जाते. १९९३-९४ साली आम्ही विशी ओलांडलेले होतो. खोऱ्यातल्या लोकांसाठी धान्य गोळा केले, धुळ्याच्या मोर्च्यात चाललो. मणिबेलीला मात्र गेलो नाही. पण पुढे कारखान्यांच्या गेटवर बोलताना कधीतरी तोंडातून निघून गेले, की मणिबेली बुडताना आम्ही ह्या डोळ्यांनी पाहिली. लोक स्तब्ध झाले. मग पुढच्या सभेत गर्जत येणारे पाणी आले, त्याच्या पुढच्या सभेत वाहून जाणारा पाळणा आला. वीस वर्षे तो पाळणा आमच्या भाषणातून वाहत होता. त्यावर टाळ्या पडल्या, वर्गणी जमली, एकदा एक फुटत आलेला संपही टिकला. त्या पुढारणीने झडप घातली ते पान वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटले, आणि दोन दिवस पुन्हा उघडले नाही.

२०२० च्या जानेवारीत आम्ही मणिबेलीला गेलो. शेवटचा पल्ला बोटीचा. जी कुटुंबे गुजरातेतल्या वसाहतींत गेली नाहीत ती डोंगरावर वर सरकून राहिली आहेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्यापाशी आम्ही आमचे खोटे सांगून टाकले. तो रागावला नाही. म्हणाला, "पाणी गर्जत कुठून येणार भाऊ? उलटंच झालं." नदीला आवाज असे, खडकांवरून जायची ती, रात्री झोपेतही ऐकू यायची. एका पहाटे जाग आली तर आवाज नाही. बायकोला उठवून विचारले, तुला ऐकू येतेय का? तिलाही येईना. तेव्हा कळले की पाणी आले. मग ते वितीवितीने चढत राहिले, ओढ्यांतून मागच्या बाजूने. खरा छळ पाणी उतरल्यावर झाला, तो गाळाचा. त्यात गुरे रुतत आणि काढता येत नसत. पाळण्याचे विचारले तेव्हा तो म्हणाला, पाळणे आम्ही आधीच वर नेले होते, पोरे कोण खाली ठेवील?

खोऱ्यात नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांपासून जीवनशाळा चालविल्या आहेत; मणिबेलीलाही आहे. मुले तिथेच राहतात. रात्री जेवणे झाल्यावर गुरुजी म्हणाले, पाहुणे, मुलांना काहीतरी सांगा. आम्ही हीच गोष्ट सांगितली. आम्ही मराठीत, आणि अडेल तिथे गुरुजी त्यांच्या बोलीत. नावाड्याच्या प्रसंगाला मुले मुळीच भ्यायली नाहीत. नावाड्याने किती पैसे घेतले एवढेच त्यांनी विचारले. काठावर राहिलेल्या प्राण्याने मात्र दोघी-तिघींना रडू आले. पुढे विलच्या सुरीपाशी आलो आणि एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचा प्रश्न असा, की पाण्यात बुडी मारून तळाशी खिडकी पाडली तर? पाणी पलीकडच्या जगात जाईल ना? लगेच हिशेब सुरू झाले. खिडकी केवढी हवी, कोणत्या पाड्याखाली पाडायची, आधी कोणाची शेते उघडी पडतील. कोणी म्हणाले, पाणी गेले तरी गाळ राहील. अर्धा तास वर्गाने धरण रिकामे केले. आम्ही गप्प बसून ऐकत होतो.

तेवढ्यात कडेला बसलेली एक लहानशी मुलगी गुरुजींना काही म्हणाली. गुरुजी थबकले, मग त्यांनी आम्हांला सांगितले, "ती विचारते, मग तिकडचं गाव बुडेल ना?"

कोणी काही बोलले नाही. मघाचा मुलगा खाली बसला. पुस्तकाचा शेवट आम्ही अजून सांगितलेला नव्हता. शेवटी असेच निघते, की प्रत्येक उघड्या खिडकीतून जगाचे काहीतरी मोलाचे वाहून जाते आहे. म्हणून सगळ्या बंद करायला हव्यात, फक्त एक ठेवता येईल. लायरा आणि विल वेगवेगळ्या जगांतले, आणि तोवर एकमेकांवर जीव जडलेला. ती एक खिडकी त्यांना स्वतःसाठी ठेवता आली असती. ती दोघे मृतांच्या देशातली खिडकी उघडी ठेवतात, आणि आपापल्या जगात कायमची परततात. सुरीही मोडून टाकतात.

सकाळी बोटीची वाट पाहताना काठावर बसून आम्ही हे मुलांना सांगितले. मुलीला ते पटलेले दिसले; निदान ती खडे फेकायला निघून गेली. मुलगा मात्र तिथेच उभा राहिला. सुरी मोडली, तर आमचे पाणी कशाने उतरवायचे, असे त्याने विचारले. आम्ही त्याला सांगितले, की ते आम्हांला ठाऊक नाही. त्याने मान हलवली आणि आमची पिशवी उचलून बोटीत ठेवली.