खांबावरची काच अंगणात

इअरफोन लावलेत ना? मग ऐका, आज गोष्ट काचेच्या टोप्यांची.

माझी मावशी अमेरिकेत, इंडियाना राज्यात राहते. तिच्या अंगणात फुलांच्या वाफ्याच्या कडेने निळसर-हिरव्या काचेच्या टोप्या ओळीने मांडल्यात. प्रत्येकीखाली सोलरचा छोटासा दिवा. अंधार पडला की सगळी कड उजळते. मला वाटलं, काहीतरी महागडी सजावट असणार. मावशी हसली. "अगं, हे तारेच्या खांबावरचे जुने इन्सुलेटर!"

खांब लाकडी, त्यावर खुंटी, खुंटीवर ही काच आणि काचेच्या खाचेला बांधलेली तार. पावसात लाकूड भिजलं की तारेतला करंट खांबातून जमिनीत उतरू शकतो. काच त्याला अडवते. तिचा खालचा घेर पाणी बाहेर टाकतो, आतला भाग कोरडा राहतो. 1865 मध्ये लुई कॉव्हे यांनी आतून आटे असलेल्या इन्सुलेटरचं पेटंट घेतलं. मग ही टोपी खुंटीवर बाटलीच्या झाकणासारखी फिरवून घट्ट बसवता येऊ लागली. इंडियानातल्याच मन्सी शहरात हेमिंग्रे कंपनीने असे इन्सुलेटर लाखोंनी बनवले. मावशीकडचे बरेचसे 'हेमिंग्रे 42', काचेवरच तसं उमटलंय.

आता माझा शहाणपणा ऐका. घरामागे रेल्वेलाइन. तिच्या कडेला वाकलेले जुने खांब, तारा लोंबतायत आणि वर अगदी अशाच टोप्या! मी शिडी शोधायला लागले. मावशी अशी ओरडली म्हणता!

"तार बंद आहे हे तुला कुणी सांगितलं? आणि खांब तुझ्या बापाचा आहे का?"

खरंच, मला कुणीच सांगितलं नव्हतं. नुसतं तसं वाटलं होतं.

शनिवारी तिने मला जुन्या सामानाच्या बाजारात नेलं. चार डॉलरला एक मिळाला. आत्ता माझ्या माइकशेजारीच आहे.

आपल्याकडे खांबांवर चिनी मातीचे इन्सुलेटर दिसतात. उन्हाळाभर तापतात, पहिल्या पावसात काही तडकतात आणि लाइट जाते. तुटलेला तुकडा खाली पडलेला दिसला तर उचलायला धावू नका, वरची तार सुटलेली असू शकते. लांब राहा, वीज कंपनीला कळवा. खांबावरचा काढणं म्हणजे तर जिवाशी खेळ, शिवाय चोरी. वीज कायदा 2003, कलम 136. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हासुद्धा गुन्हाच. म्हणून भंगारवाल्याकडून घेताना माल कुठून आला ते विचारा आणि पावती घ्या.

घरी आणलात की साबणाच्या पाण्याने धुवा. भोक पाडायला जाऊ नका, तडकेल. बाहेर उलटा ठेवू नका, पाणी साचून डास होतील. कुंडीच्या कडेला सुलटा ठेवा, मस्त दिसतो.

त्याने आयुष्यभर लोकांना शॉकपासून वाचवलंय. त्याच्यापायी आपणच शॉक खायचा, हे काही बरं नाही!

तुमच्या अंगणात, गच्चीत असं जुनं काय आहे? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!