गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सेनगाव येथे केलेले भाषण)



स्वतःचे पक्के घर असावे ही इच्छा आज आपल्या प्रत्येक कुटुंबात आहे. त्यासाठी कर्ज काढणे हा कमीपणा नव्हे. परंतु पूर्वतयारी न करता बँकेत गेलेला बांधव रिक्त हस्ते परततो आणि मग सावकाराच्या ओसरीवर जातो, ही चिंतेची गोष्ट आहे. म्हणून चार व्यावहारिक गोष्टी आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट कागदांची. खेड्यांत घराचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखविला जातो. तो कर आकारणीचा उतारा होय. त्याने मालकी सिद्ध होत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. आपल्या गावाची मोजणी झाली असल्यास ती पत्रिका प्रथम मिळवावी. घर अद्याप आजोबांच्या नावे असल्यास वारसांची नोंद करावी, आणि तीत बहिणींची नावे गाळू नयेत. तो त्यांचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट पतीची. सिबिलसारख्या कंपन्या कर्जदारास ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. २०१७ पासून अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्जापूर्वी तो वाचावा. थकलेले पीककर्ज त्यात दिसते, तसेच आपण ज्यास जामीन राहिलो त्याचे कर्जही दिसते. भिडेखातर सही करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे.

तिसरी गोष्ट तुलनेची. दहा लाख रुपये १५ वर्षांसाठी घटत्या शिलकेवर शेकडा ९ दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १०,१४३ रुपये आणि एकूण व्याज सुमारे सव्वाआठ लाख होते. तीच रक्कम कोणी मूळ मुद्दलावर सरसकट शेकडा ६ दराने दिली, तर व्याज नऊ लाख होते! म्हणजे सहा हे नवापेक्षा महाग पडले. यास्तव केवळ दर विचारू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्तसंस्थांनी नव्या कर्जदारास, सर्व आकार धरून होणारा वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे, आणि तेही त्यास समजेल अशा भाषेत. ते मराठीत मागावे व दोनतीन ठिकाणची विवरणे शेजारी ठेवून वाचावीत.

चौथी गोष्ट हप्त्याची. आपल्याकडे सोयाबीन दिवाळीच्या सुमारास व हळद उन्हाळ्यात विकली जाते. हप्ता मात्र दरमहा येतो. वरील कर्जाची मुदत २० वर्षे केल्यास हप्ता सुमारे ८,९९७ रुपयांवर उतरतो, परंतु एकूण व्याज साडेअकरा लाखांवर जाते. यातून मार्ग असा की, हप्ता पडत्या वर्षात झेपेल एवढाच ठरवावा आणि हळदीचे पैसे आले की मुद्दलात जादा भरणा करावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशा मुदतपूर्व फेडीस दंड आकारता येत नाही. हप्ता वाईट वर्षाचा, फेड चांगल्या वर्षाची, हे सूत्र आपण सर्वांनी स्मरणात ठेवावे.

आपली शिकलेली मुलेमुली सुट्टीत घरी येतात. त्यांनी वडीलधाऱ्यांशेजारी बसून हे कागद मोठ्याने वाचून दाखवावेत आणि न वाचलेल्या कागदावर कोणास सही वा अंगठा करू देऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.