गिरडची टेकडी आणि तिचे दगड

शाळेची सहल म्हटली की चिखलदऱ्याचे नाव निघते. पण ते पडले दूर. वर्धा जिल्ह्यातल्या मुलांनी सकाळी निघून दिवेलागणीला घरी यावे, अशी टेकडी समुद्रपूर तालुक्यात आहे : गिरडची. वर्ध्याच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटर. उंची बेताची. वर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडतात.

या टेकडीवर गोलसर दगड सापडतात. लोक सांगतात, व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचे नारळ नि सारा माल दगड झाला. शास्त्रज्ञ सांगतात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्या पुढे झिओलाइट नावाच्या खनिजाने भरल्या. आपली पऱ्हाटी ज्या काळ्या मातीत उभी राहते, तीही याच खडकाची झीज बरे का !

मुले विचारणारच, “गुरुजी, खरं काय ?” खडकाचे कारण स्पष्ट सांगा, पण कथेला हसू नका. या दगडांकडे माणसांनी निरखून पाहिले, ते तिच्यामुळेच. दर्ग्यापाशी कथा, उतरताना खडक, असा क्रम मला बरा वाटतो.

एक मात्र सक्त. दगड हाती घेऊ द्या, जोखू द्या, खिशात नको. चाळीस पोरांचे चाळीस खिसे, आणि दरसाल नवी सहल !