सावळी, पण...



हिमायतनगरातील या शाळेच्या स्मृतिव्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने त्वचेविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या विकारांविषयी मी बोलणार आहे ते त्वचेवर उमटण्यापूर्वी भाषेत रुजतात.

पाश्चात्त्य देशांत गोरी माणसे सावळी दिसावी म्हणून पैसे मोजून अतिनील दिव्यांखाली पडून राहतात. तो सावळेपणा म्हणजे पेशींना इजा झाल्यावर त्वचेने उभारलेली ढाल होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली हे दिवे निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गात घातले. तंबाखूही त्याच वर्गात आहे.

आपली ओढ नेमकी उलटी. निसर्गाने जन्मतःच दिलेली ढाल उतरवण्यासाठी आपण मलमे विकत घेतो. काही बेकायदा मलमांत पारा असतो. तो त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. २०२३ साली अकोल्यातील एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडविकाराचे मूळ अशा मलमात सापडल्याचे वृत्त आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्यातील पारा उघड झाला. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण आढळले. दुसरी मलमे स्टेरॉइडची. त्यांच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, आणि ती सोडताच चेहऱ्याची आग होऊ लागते.

१९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली आपल्या नावातला ‘फेअर’ वगळला. आपल्या भाषेचे काय? प्रतिष्ठा म्हणजे ‘उजळ माथा’ आणि बेअब्रू म्हणजे ‘तोंड काळे करणे’. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलापुढे आपण लीन होतो, आणि घरी येऊन म्हणतो, “मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” मलमाची डबी त्या ‘पण’मधूनच घरात शिरते.

ज्या डबीवर घटकांची व उत्पादकाची नोंद नाही, ती घेऊ नये. असे मलम लावणाऱ्याच्या पायांवर सूज आली वा लघवीला फेस येऊ लागला, तर ते तत्काळ थांबवून वैद्यकीय तपासणी करावी. हे झाले डबीपुरते. त्या ‘पण’वर मात्र कायदा चालत नाही, तो आपणच आपल्या बोलण्यातून काढला पाहिजे. शिक्षकांनी तो वर्गातून काढावा, माजी विद्यार्थ्यांनी स्थळे पाहताना काढावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.