वाचावे काय, सोडावे काय : यूझनेटच्या वृत्तवाचक प्रणालींचा उपयोग

(एका व्याख्यानाचा मजकूर)

शासकीय कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक टपालाची नोंद आवक बारनिशीत होत असते. पत्र कोणाकडून आले, विषय कोणता, ते मागील कोणत्या पत्राच्या संदर्भात आहे, हे त्या एका नोंदीवरून कळते. अनुभवी लिपिक पत्र पूर्ण न वाचताही ते कोणत्या टेबलाकडे जावयाचे हे सांगू शकतो. बारनिशी नाही, लिपिक नाही आणि टपाल मात्र दररोज गोण्या भरभरून येत आहे, अशा कार्यालयाची कल्पना केली म्हणजे यूझनेट नावाच्या जागतिक चर्चाव्यवस्थेत वाचकांपुढे कोणती अडचण उभी राहिली ते ध्यानात येईल. ही अडचण दूर करण्यासाठी ज्या संगणकीय आज्ञावली तयार झाल्या, त्यांना 'न्यूजरीडर' म्हणजे वृत्तवाचक म्हणतात. आकाशवाणीवरून बातम्या देणाऱ्या वृत्तनिवेदकांशी या नावाचा काही संबंध नाही.

यूझनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शिकणाऱ्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली प्राथमिक आज्ञावली लिहिली आणि १९८० मध्ये ही व्यवस्था इतर संस्थांसाठी खुली झाली. एका संगणकाने रात्रीच्या वेळी दूरध्वनीवरून दुसऱ्याशी संपर्क साधावा, आपल्याकडील नवे लेख त्याला द्यावेत, त्याचे आपण घ्यावेत आणि त्याने ते पुढे तिसऱ्याकडे पोचवावेत, अशी ही साधी पद्धत होती. तिला मुख्यालय नव्हते आणि आजही नाही. प्रत्येक ठिकाणी लेखांची आपापली प्रत असते. दिवसाला एखाद-दुसरा लेख येईल असा प्रवर्तकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ऐंशीचे दशक संपण्यापूर्वीच ही संख्या हजाराच्या वर गेली.

लेखांची वर्गवारी विषयवार गटांत केलेली असे. १९८६ व १९८७ या वर्षांत गटांच्या नावांची मोठी फेररचना झाली आणि संगणक, विज्ञान, समाज, छंद अशा प्रमुख शाखा ठरल्या. परंतु वर्गवारीने काम भागत नाही. एकाच गटात दिवसाला दोनशे लेख आले, तर त्यांतील आपल्या कामाचे पाच कोणते, हा प्रश्न उरतोच. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या 'आरएन' या वृत्तवाचकाने या प्रश्नाला प्रथमच समाधानकारक उत्तर दिले. पुढे 'पर्ल' या संगणकभाषेचे जनक म्हणून प्रसिद्धी पावले ते हेच वॉल. आरएनमध्ये केवळ रिकाम्या जागेची लांब कळ दाबत राहिले तरी त्या त्या वेळी जे करणे सर्वांत योग्य, ते घडत असे. पान संपले असेल तर पुढचे पान, लेख संपला असेल तर पुढचा न वाचलेला लेख, गट संपला असेल तर पुढचा गट. नवशिक्याला एवढे पुरत असे. मात्र या प्रणालीचे खरे सामर्थ्य इतर कळांत होते आणि कित्येक वापरकर्ते वर्षानुवर्षे लांब कळेपलीकडे गेलेच नाहीत.

वाचल्याची नोंद

वृत्तवाचक प्रणाली वापरकर्त्यासाठी 'न्यूजआरसी' नावाची एक छोटी नोंदवही ठेवते. तिच्यात प्रत्येक गटाच्या नावापुढे एक खूण असते. अपूर्णविराम म्हणजे हा गट पाहावयाचा, उद्गारचिन्ह म्हणजे पाहावयाचा नाही. त्यापुढे वाचून झालेल्या लेखांचे क्रमांक असतात, उदाहरणार्थ १ ते ४३२० आणि ४३२५. एवढ्यावरून दुसऱ्या दिवशी ४३२१ पासूनचे चार लेख आणि त्यानंतर आलेले नवे लेख तेवढे समोर ठेवले जातात.

पहिल्याच दिवशी अनेकांचा धीर सुटतो, कारण एकेका गटात हजारो न वाचलेले लेख दिसतात. ते वाचण्याची काही आवश्यकता नसते. 'मागील सर्व वाचले असे समजावे' अशी एक आज्ञा प्रत्येक वृत्तवाचकात असते. तिचा उपयोग करून कोऱ्या पाटीने आरंभ करणे श्रेयस्कर. प्रारंभी पाच-सहा गटच निवडावेत आणि महिनाभरात ज्या गटाकडे वळूनही पाहिले नाही, तो निःसंकोचपणे बंद करावा. प्रश्न विचारण्यापूर्वी त्या गटातील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र केलेला लेख शोधून वाचावा. एखादा लेख उपयुक्त वाटला तर तो त्याच वेळी आपल्या संगणकावर जतन करावा. सर्व्हरवरील लेख ठरावीक मुदतीनंतर काढून टाकले जातात. ही मुदत प्रत्येक ठिकाणी निरनिराळी असते.

विषय आणि संदर्भ

शासकीय पत्राच्या माथ्यावर 'विषय' आणि 'संदर्भ' अशा दोन ओळी असतात. यूझनेटवरील लेखाच्या शीर्षभागातही नेमक्या याच दोन ओळी आढळतात. प्रत्येक लेखाला जगात अन्यत्र कोठेही नसलेला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि उत्तरादाखल लिहिलेल्या लेखाच्या संदर्भ-ओळीत मूळ लेखाचा क्रमांक येतो. या क्रमांकांच्या आधारे प्रश्न, उत्तर, प्रत्युत्तर असा चर्चेचा धागा जुळवता येतो. आरंभीच्या प्रणाली एकाच विषयाचे लेख फक्त एकापाठोपाठ दाखवीत. वेन डेव्हिसन यांची 'टीआरएन' आणि इयन ली यांची 'टिन' या प्रणालींनी धाग्यांचे वाचन रूढ केले. धागे मिटवून ठेवले की दोनशे लेखांच्या जागी पंचवीस-तीस ओळींची यादी उरते, आणि ज्या चर्चेत रस नाही ती एका कळीने बाजूला सारता येते. डेन्मार्कच्या किम स्टॉर्म यांनी 'एनएन' या प्रणालीत याच्या उलट वाट धरली. तिच्यात प्रथम विषय व लेखक यांची यादी येते, हवे तेवढे निवडावयाचे आणि न निवडलेले वाचल्याप्रमाणे धरले जातात. घाईच्या माणसाला हीच पद्धत मानवते.

ही सोय लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे, हे मात्र विसरता येत नाही. नवा विषय काढावयाचा असताना कोणी आळसाने जुन्याच लेखाला उत्तर देऊन वरचा विषय तेवढा बदलतो. संदर्भ-ओळीत जुना क्रमांक तसाच राहतो आणि नवा प्रश्न जुन्या धाग्याच्या पोटात जाऊन बसतो. ज्यांनी तो धागा बंद केला आहे, त्यांना तो दिसतच नाही. मग 'कोणी उत्तर देत नाही' अशी तक्रार होते. चुकीच्या नस्तीत लावलेल्या अर्जाचे जे होते, तेच येथे होते.

एकच लेख दोन-तीन गटांत द्यावयाचा असेल तर सर्व गटांची नावे एकाच ओळीत लिहून तो एकदाच पाठवावा. असे केले की सर्व्हरवर एकच प्रत राहते आणि वाचकाने तो एका गटात वाचला की दुसऱ्या गटातही तो वाचलेला म्हणून नोंदला जातो. निरनिराळ्या प्रती पाठविल्यास प्रणालीला त्या निरनिराळ्या लेख वाटतात. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील दोन वकिलांनी 'ग्रीन कार्ड' सोडतीची आपली जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत अशाच सुट्या प्रतींनी पाठविली. प्रत्येक गट उघडताच तीच जाहिरात पुन्हा पुढे येऊ लागली आणि जगभर संताप उसळला. जाहिरातीइतकाच हा संताप पाठविण्याच्या पद्धतीवरही होता.

वगळण्याचा अधिकार

आरएनने आणलेली सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे 'किल फाइल', अर्थात वगळावयाच्या गोष्टींची यादी. अमुक शब्द विषयात असेल किंवा अमुक व्यक्तीने लिहिले असेल तर तो लेख आपल्यापुढे आणू नये, असे वाचक प्रणालीला कायमचे सांगून ठेवू शकतो. हे वरवर क्षुल्लक वाटते. पण मुख्यालयच नसलेल्या व्यवस्थेत वाचकाने काय पाहावे हे ठरविणारा दुसरा कोणी बहुधा नसतो. काही गटांवर संपादक नेमलेले असतात, बहुसंख्य गटांवर नसतात. तेथे भांडखोराला सभेबाहेर काढता येत नाही. आपल्यापुरते कान बंद करणे एवढेच हाती असते. त्याचे बोलणे इतरांना ऐकू येत राहते, आणि यादीत कोणाचे नाव आहे हे वाचकाला स्वतःलाच ठाऊक असते. आज लोकांसमोर काय यावे हे अनेक ठिकाणी दूरच्या कंपन्यांची यंत्रणा ठरविते. त्या पार्श्वभूमीवर वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर असलेली, त्याला उघडून वाचता व दुरुस्त करता येणारी ही यादी मोलाची ठरते.

तथापि या शस्त्राला दोन्ही बाजूंनी धार आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी येथील एका विद्यार्थ्याने 'कॉम्प.ओएस.मिनिक्स' या गटात लिहिले की, छंद म्हणून आपण एक नियंत्रण-प्रणाली तयार करीत आहोत आणि लोकांना मिनिक्समध्ये काय असावेसे वाटते ते कळवावे. विषय साधा होता आणि लेखकही जगात प्रसिद्ध नव्हता. तो विद्यार्थी म्हणजे लायनस टोरवाल्ड्स आणि ती प्रणाली म्हणजे पुढची लिनक्स. फक्त परिचित नावे वाचावयाची असा कडक नियम करून बसलेल्या वाचकाच्या हातून तो लेख नक्कीच निसटला असता.

म्हणून नंतरच्या प्रणालींत सरसकट वगळण्याऐवजी गुण देण्याची पद्धत आली. 'एसएलआरएन' आणि 'ग्नस' या प्रणालींत वाचक नियम ठरवितो. अमुक लेखकाला शंभर गुण अधिक, अमुक शब्दाला पन्नास उणे, आपल्याच लेखाला आलेल्या उत्तराला पाचशे अधिक. लेखांची यादी गुणानुक्रमे लावता येते. कमी गुणांचे लेख तळाशी जातात, पण नाहीसे होत नाहीत आणि सवड असेल तेव्हा त्यांच्यावर नजर टाकता येते. एसएलआरएनमध्ये उणे ९९९९ गुण दिले तरच लेख पूर्णपणे वगळला जातो. ग्नस तर वाचक काय वाचतो आणि काय टाळतो हे पाहून स्वतःहून गुण बदलू शकते. यातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद म्हणजे नियमाची मुदत. एखाद्या वादाला कंटाळून केलेला नियम ठरावीक दिवसांनी आपोआप रद्द व्हावा असे लिहून ठेवता येते. कोणाविषयीचा राग कायमस्वरूपी आदेशात रूपांतरित होऊ नये यासाठी ही तरतूद वापरणे बरे.

मराठी वाचकाला येथे एक निराळी अडचण होती. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पामुळे मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आयआयटी आदी संस्था संगणकजालाशी जोडल्या गेल्या. सर्वसामान्य नागरिकांना ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. परदेशी असलेल्या मराठी मंडळींचा 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा गट यूझनेटवर होता, पण जुन्या प्रणालींना देवनागरी लिपी ठाऊक नसल्यामुळे मराठी रोमन अक्षरांत लिहावे लागे. अविनाश चोपडे यांच्या 'इट्रान्स'सारख्या पद्धती होत्या, तरी सर्वजण त्या पाळीत असे नाही. कोणी दीर्घ 'आ' दोन अक्षरांनी लिही, कोणी एका. कोणी 'ळ'साठी मोठे अक्षर योजी, कोणी योजीत नसे. 'नाटक' हा शब्द तीन प्रकारे लिहिला गेला की शब्दावर आधारलेला नियम फसलाच. अशा गटात शब्दांपेक्षा लेखक आणि संदर्भ यांवर नियम बांधणे अधिक भरवशाचे असते.

लिहिणाऱ्याकडून थोडी अपेक्षा आहे. उत्तर देताना मूळ लेखातील आवश्यक तेवढ्याच ओळी ठेवाव्यात, स्वाक्षरी चार ओळींहून मोठी नसावी. पूर्वी काही प्रणाली नव्या मजकुरापेक्षा उद्धृत मजकूर अधिक असल्यास लेख स्वीकारीतच नसत. त्यावर लोकांनी तोड काढली. ते शेवटी निरर्थक ओळी भरून संख्या जुळवू लागले. नियमाचे शब्द पाळून हेतू बुडविण्याची ही कला कोणत्याही एका देशाची मिरासदारी दिसत नाही.

सद्यःस्थिती

ड्यूक विद्यापीठाने २०१० मध्ये आपला यूझनेट सर्व्हर बंद केला. गूगल कंपनीने २००१ मध्ये 'डेजा न्यूज'चा जुना लेखसंग्रह विकत घेतला आणि पुढे अनेकांनी यूझनेट केवळ त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच पाहिले. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूझनेटचे नवे लेख येणे व पाठविणे बंद झाले, जुने लेख तेवढे शोधता येतात. ज्यांना तोच एक दरवाजा माहीत होता, त्यांना यूझनेट संपले असे वाटले. ज्यांच्याकडे स्वतःचा वृत्तवाचक होता, त्यांचे वाचन दुसऱ्या दिवशीही चालू राहिले. याचे कारण १९८६ मध्ये ब्रायन कँटर व फिल लॅप्स्ली यांनी ठरवून दिलेली एनएनटीपी ही सर्वांना खुली असलेली संदेशवहन-पद्धत होय. ती पाळणारा कोणताही वृत्तवाचक कोणत्याही सर्व्हरशी बोलू शकतो. थंडरबर्ड, पॅन, टिन, एसएलआरएन, ग्नस या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि 'इटर्नल सप्टेंबर'सारखे सर्व्हर नावनोंदणी केल्यास विनामूल्य प्रवेश देतात. प्रणालीत सर्व्हरचा पत्ता, नाव व परवलीचा शब्द भरला आणि गटांची यादी मागविली की काम सुरू होते.

सर्व्हर बदलताना एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. न्यूजआरसीतील क्रमांक त्या त्या सर्व्हरने दिलेले असतात. एका ठिकाणचा ४३२० हा दुसऱ्या ठिकाणी ९१७ असू शकतो. जुनी नोंदवही तशीच नेली तर न वाचलेले लेख वाचलेले दिसतात आणि वाचलेले पुन्हा समोर येतात. गटांची नावे तेवढी ठेवून क्रमांक पुसून टाकावेत आणि सर्व वाचले असे समजून त्या दिवसापासून नवी मोजणी सुरू करावी. वगळण्याचे व गुणांचे नियम लेखक, विषय आणि लेखाचा ओळखक्रमांक यांवर बांधलेले असतात. ते नव्या ठिकाणीही जसेच्या तसे चालतात, म्हणून त्या फाइलीची एक प्रत वेगळी काढून ठेवावी.